विंडोज-लिनक्स : फायलींची देवघेव

प्रवराकाठच्या अकोल्यात विंडोजवर टंकलेला मराठी अर्ज पुण्यातील लिनक्स संगणकावर उघडेल का? फाइल पोहोचवणे अवघड नाही. एकाच नेटवर्कवरील अशा संगणकांना ‘सांबा’ ही मुक्त आज्ञावली जोडते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये तिची सुरुवात केली. नेटवर्क नसल्यास पेन ड्राइव्ह पुरतो. मात्र फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल साठवता येत नाही. त्यासाठी एक्सफॅट वापरावी. लिनक्सच्या गाभ्यात तिचा समावेश २०१९ मध्ये झाला. खरी अडचण लिपीची आहे. मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये असेल आणि तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून अर्ज युनिकोडमध्येच टंकावा. अन्यथा फाइल पोहोचेल, मजकूर पोहोचणार नाही.