कार्ताझ : पोपच्या दानपत्रातून निघालेल्या परवान्याची कुळकथा

रत्नागिरीच्या मांडवीच्या धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, की उजवीकडे रत्नदुर्गाची सोंड पाण्यात शिरलेली दिसते, डावीकडे भाट्याची खाडी. समोर अरबी समुद्र. हे पाणी कोणाच्या मालकीचं? सोळाव्या शतकात या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहिलेलं असे आणि किनाऱ्यावरून व्यापाराला निघणाऱ्या नाखव्याला तो कागद जवळ बाळगावा लागे. त्याला पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत.

कार्ताझ म्हणजे समुद्रावर फिरण्याचा परवाना. गलबताचं नाव, ते किती खंडीचं, नाखवा कोण, त्याचं वय काय, तोफा-बंदुका किती, कुठल्या बंदरातून कुठे जायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. काय न्यायचं नाही तेही असे: मिरी, सुंठ, सिंहलद्वीपची दालचिनी, लोखंड, तांबं. जाता-येता पोर्तुगिजांच्या ठाण्यावर थांबून जकात भरायची. परवान्याची फी किरकोळ होती, खरी कमाई त्या जकातीत होती. परवाना नसला किंवा त्यातली अट मोडली, तर माल आणि गलबत दोन्ही जप्त, माणसं कैदेत. कित्येकदा तीही वाचत नसत. मांडवी तेव्हा लहान बंदर. या पट्ट्यातला मोठा व्यापार दाभोळ आणि राजापूरचा, आणि सगळा मुलूख पुढे विजापूरच्या आदिलशहाचा. पण जमीन आदिलशहाची असली तरी पाण्यावर हुकूम गोव्याचा चाले. पोर्तुगिजांशी वैर आलं की काय होतं, ते किनाऱ्याने १५०८ च्या अखेरीस पाहिलं होतं. चौलच्या लढाईत मुलगा मारला गेला म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदाने सूड घेताना दाभोळ जाळून बेचिराख केलं.

समुद्रावर परवाना मागण्याचा हा हक्क पोर्तुगिजांना दिला कोणी? त्यांचं उत्तर होतं: पोपने.

१४५५ साली पोप निकोलस पाचवा याने ‘रोमानुस पोन्तिफेक्स’ हे फर्मान काढलं. आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला, थेट हिंदूंच्या देशापर्यंतच्या समुद्रात जाण्याचा, व्यापार करण्याचा आणि मुलूख जिंकण्याचा अधिकार त्याने पोर्तुगालचा राजा आफोन्सु पाचवा याला दिला. दुसऱ्या कोणा ख्रिस्ती राजाने तिथे शिरू नये, अशी ताकीदही दिली. त्या वेळी वास्को द गामा जन्मालासुद्धा आलेला नव्हता. रोममधल्या माणसाने कोकणचा किनारा कधी पाहिलेला नव्हता आणि इथल्या कोणाला तो विचारायला आला नव्हता. १४९४ मध्ये तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी अटलांटिकवर रेघ मारून दुनिया वाटून घेतली. गामा हिंदुस्थानला जाऊन आल्यावर राजा मानुएलने आपल्या बिरुदात भर घातली: इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी. पुढच्या काही वर्षांतच परवाने सुरू झाले. समुद्र सर्वांचा, हा कायदा युरोपातल्या ख्रिस्त्यांपुरता. मुसलमान आणि मूर्तिपूजक त्या कायद्याच्या बाहेर, असं इतिहासकार जुआंव द बार्रुश याने १५५२ साली छापून ठेवलं. कार्ताझचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं.

पोपने हे दान का दिलं, तेही पाहायला हवं. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं होतं आणि रोम हादरलं होतं. दूरच्या देशांत पाद्री पाठवायला पोपकडे ना गलबतं होती, ना पैसा. राजाकडे दोन्ही होतं. मग सौदा ठरत गेला. राजाने चर्च बांधायची, पाद्र्यांचा खर्च सोसायचा. बदल्यात नव्या मुलखातला बिशप कोण, हे नाव राजाने सुचवायचं आणि पोपने मान्य करायचं. याला पाद्रोआदो म्हणतात. १५३४ साली गोव्याचा धर्मप्रांत झाला तो याच सौद्यातून. म्हणजे कार्ताझ आणि पाद्रोआदो ही सख्खी भावंडं. एकाने गलबतांना परवाना दिला, दुसऱ्याने पाद्र्यांना.

कार्ताझवर धर्माचा शिक्का नुसता लाक्षणिक नव्हता. अकबराच्या दरबारातला बदायुनी लिहितो, की हजला समुद्रमार्गे जायचं तर फिरंग्यांचे परवाने घ्यावे लागतात आणि त्यांवर मेरी आणि येशू यांची चित्रं असतात. मक्केला निघालेल्या माणसाने मूर्तिचित्राचा कागद छातीशी धरून जायचं! मुसलमान मरियम आणि ईसा यांना मानतात. पण चित्र असलेल्या कागदावर हजची परवानगी अवलंबून असणं त्यांना टोचत होतं.

आणि हा कागद असूनही सुरक्षितता नव्हती. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज कार्ताझ असताना पोर्तुगिजांनी पकडलं. जहांगीरने दमणला वेढा घालायला फौज पाठवली आणि आग्र्यातलं जेझुइटांचं चर्च बंद करून त्यांचा तनखा तोडला. ज्या पाद्र्यांनी जहाजाला हातही लावला नव्हता, त्यांना शिक्षा झाली. राजाच्या पैशावर धर्म चालवला, की राजाच्या पापाचा हिशेबही धर्माकडेच मागितला जातो.

या दानाला खुद्द कॅथलिक धर्मपंडितांतून विरोध झाला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सालामांकाचा डोमिनिकन फ्रान्सिस्को द व्हितोरिया १५३९ मध्ये व्याख्यानांत म्हणाला, की पोप जगाचा ऐहिक धनी नाही. मग जे आपलं नाही ते तो दुसऱ्याला देणार कसं? पुढे १६०९ मध्ये डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने ‘मारे लिबेरुम’ या पुस्तकात हाच मुद्दा पोर्तुगिजांविरुद्ध वापरला. अर्थात त्याला डच व्यापाऱ्यांची वकिली करायची होती. तरी मुद्दा खराच.

सर्वांत मोठा फटका मात्र रोमलाच बसला. दिलेला अधिकार आपल्यालाच अडवतो आहे, हे पोपच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. १६२२ मध्ये रोमने ‘प्रोपगंडा फिदे’ हे स्वतःचं धर्मप्रसार खातं काढलं, राजाला वळसा घालून माणसं पाठवण्यासाठी. त्यातला पहिला ठळक माणूस आपल्या बाजूचा निघाला. मातेउस द कास्त्रु, गोव्याच्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घराण्यातून बाटलेल्या कुटुंबातला. गोव्यात त्याला पाद्रीपद मिळेना, म्हणून तो रोमला गेला, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाला. नेमणूक आदिलशाही मुलखासाठी. म्हणजे रत्नागिरीचा हा किनाराही त्याच्या अधिकारात.

पण पोपने नेमलेला हा बिशप गोव्यात चालेना. राजाच्या संमतीशिवाय आलेला पाद्री पोर्तुगिजांच्या लेखी बिनकार्ताझच्या गलबतासारखाच. शेवटी त्याने तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत बस्तान मांडलं. कॅथलिक बिशपला आश्रय मुसलमान सुलतानाचा, आणि विरोध कॅथलिक राजाच्या अधिकाऱ्यांचा. १६५३ मध्ये त्याने ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहून गोव्यातल्या देशी ख्रिस्त्यांना अन्यायाविरुद्ध उभं राहायला सांगितलं. पुढच्या वर्षी आदिलशाही फौज बारदेशात शिरली, तेव्हा विजापूर आणि वेंगुर्ल्याचे डच यांच्याशी कट केल्याचा आरोप त्याच्यावर आला. १६७७ साली तो रोममध्ये वारला. हा माणूस मला या कथेचा नायक वाटतो. त्याला धर्म सोडायचा नव्हता, राजाच्या मुठीतून सोडवायचा होता.

कार्ताझचा दरारा डच आणि इंग्रज आले तेव्हापासून ओसरू लागला. कान्होजी आंग्र्यांनी सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गाच्या बळावर स्वतःचं दस्तक, म्हणजे तसाच परवाना, सुरू केलं. त्यामागे पोपचं दान नव्हतं, छत्रपतींनी दिलेली आरमाराची सरखेली होती. त्यांच्याशी वैर धरणारा मुंबईचा इंग्रज गव्हर्नर चार्ल्स बून याने १७२० मध्ये गोव्याच्या ताब्यातल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईतून घालवलं आणि रोमने पाठवलेल्या कार्मेलाइटांना चर्च दिली. पाद्री कुठला, हे आता प्रॉटेस्टंट ईस्ट इंडिया कंपनी ठरवू लागली.

भावंडांतलं पाद्रोआदो मात्र चिवट निघालं. १७९४ पासून मुंबईची चर्च गोवा आणि रोम यांच्यात वाटली गेली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या ताब्यावरून रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आत अडकून पडले आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. १९२८ मध्ये तोडगा निघाला, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. देश स्वतंत्र झाल्यावर, १९५० साली, पोर्तुगालने हा हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. रत्नागिरी जिल्हा २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे.

३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने ‘शोधाचा सिद्धान्त’, म्हणजे शोधलेला मुलूख शोधणाऱ्या ख्रिस्ती राजाचा हा दावा, आपण नाकारतो, असं जाहीर केलं. त्या निवेदनात ‘रोमानुस पोन्तिफेक्स’चं नाव सालासकट आहे. कार्ताझच्या नोंदवह्या मात्र पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथल्या कागदांवर आयुष्य वेचलं. त्यांच्यामागून जुनी पोर्तुगीज लिपी वाचणारे मराठी अभ्यासक फार थोडे झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांतून इतिहास शिकणाऱ्यांपैकी दोघा-चौघांनी तरी ही भाषा शिकावी आणि आपल्या बंदरांची गलबतं त्या वह्यांतून शोधून काढावीत.