रक्त पातळ करायची गोळी

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ, जी लहानशी पांढरी गोळी वर्षानुवर्षे ठेवलेली असते आणि आपल्या घरांतून जिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढेच नाव आहे, त्या ॲस्पिरिनचे मूळ कूळ ताप व अंगदुखी यांवरील औषधांचे. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ते शुद्ध स्वरूपात सिद्ध झाले, तेही वेदनाशमनासाठीच.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी त्याचे नाते जोडले ते कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथील लॉरेन्स क्रेव्हन या साध्या व्यवसायी डॉक्टरांनी. टॉन्सिल काढल्यावर घशाचा ठणका शमावा म्हणून रोग्याला ॲस्पिरिनयुक्त च्युइंगम चघळायला देण्याचा त्या काळी प्रघात होता. आणि १९४० नंतरच्या त्या वर्षांत क्रेव्हन यांच्या नजरेस असे आले की, ज्यांची जखम अनावर वाहू लागते त्यांनी हा गम वाजवीपेक्षा फार अधिक चघळलेला असतो. जे द्रव्य घशातील जखमेवर रक्त गोठू देत नाही, तेच हृदयाच्या व मेंदूच्या वाहिनीत नको तेथे धरणारी गुठळीही रोखील, हा त्यांनी काढलेला अर्थ मला आजही विलक्षण वाटतो. पडताळ्यासाठी त्यांनी स्वतः रोज बारा गोळ्या घेतल्या, नाकातून रक्त वाहू लागेपर्यंत. पुढे सुमारे ८,००० पुरुषांना नित्य ॲस्पिरिन देऊन १९५६ मध्ये त्यांनी एका लहान वैद्यकीय नियतकालिकात आपली कैफियत मांडली. परंतु गोळी न घेणाऱ्यांशी तुलनाच केलेली नसल्याने ती कोणी दप्तरी घेतली नाही, आणि पुढल्याच वर्षी ते वारले. आक्षेप रास्त होता. पण त्यापायी जी वीस वर्षे गेली, त्यांत किती जणांच्या वाचा आणि हातपाय गेले असतील, या विचाराने मन विषण्ण होते.

१९७१ साली जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनच्या कार्याचे रहस्य उलगडले आणि १९७८ साली कॅनडातील ५८५ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीने, क्षणिक झटके येऊन गेलेल्यांत पुढील पक्षाघात व मृत्यू यांचे प्रमाण ॲस्पिरिनने सुमारे ३१ टक्क्यांनी घटते, असा दाखला रुजू केला.

वास्तविक या गोळीने रक्त तसूभरही पातळ होत नाही. रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटून गुठळीचा पाया घालतात. त्यांना चिकटण्याचा इशारा देणारे द्रव्य ज्या विकराने घडते, तो विकर ॲस्पिरिन कायमचा निकामी करते, आणि बिंबिकेला केंद्रकच नसल्यामुळे तिला तो नव्याने घडवता येत नाही. तिचे आठ-दहा दिवसांचे उरलेले आयुष्य ती तशीच काढते.

मात्र काही झटके वाहिनी तुंबल्याने नव्हे, तर फुटल्याने येतात. तेथे हीच गोळी ग्लेंडेलच्या त्या वाहत्या घशासारखी अवस्था मेंदूत करू शकते. म्हणून झटका आल्याबरोबर घरातल्यांनी ती रोग्याच्या तोंडात घालू नये, त्याला तडक रुग्णालयात न्यावे आणि मेंदूचे छायाचित्र पाहून डॉक्टरांना ठरवू द्यावे.