मीठ सोडलं, डाळ सोडली, पण गोळी?



गटाची बैठक संपत आली, बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले की बोलणं हमखास तब्येतीवर येतं. एक म्हणते, गहू सोडला तर पोट हलकं वाटते. दुसरीनं दूध सोडलं, तिसरीनं तुरीचं वरण. कोणी मिठाचा डबाच उचलून ठेवला. आणि ह्याच बायांच्या पिशवीत बीपीची गोळी असते, थायरॉईडची असते, दवाखान्यातून मिळालेली लोहाची लाल गोळी असते, केस गळतात म्हणून आणलेली व्हिटॅमिनची बाटलीही असते. ताटातून काय काढलं आणि तोंडात कोणती गोळी टाकली, ह्या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ आहे. ती गाठ आज आम्ही इतिहासातून उलगडणार आहोत.

आपल्याकडे ह्याला जुना शब्द आहे, पथ्य. वैद्य पुडी द्यायचा आणि त्यासोबत पथ्यही सांगायचा. म्हणजे औषध देणारा आणि ताटातलं काढायला सांगणारा माणूस एकच असायचा. त्याचं सगळंच बरोबर असायचं असं नाही, पण निदान दोन्ही बाजू त्याला माहीत असायच्या. आता औषध डॉक्टर देतात आणि पथ्य मोबाइलवरून येतं. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

धामणगावहून वर्ध्याकडच्या गाडीत बसलं की पुलगाव लागते, मग वर्धा, मग सेवाग्राम. ह्या सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा व्हायचा, टपाल तिकडे जायचं, म्हणून 1940 साली नाव बदललं. गांधीजी इथे 1936 पासून राहिले. खाण्याचे प्रयोग करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण त्यांच्या प्रयोगांतली आपल्या कामाची गोष्ट सेवाग्रामच्या कितीतरी आधीची, दक्षिण आफ्रिकेतली आहे, आणि ती खरं म्हणजे कस्तुरबांची आहे.

1909 च्या सुमाराची गोष्ट. कस्तुरबांना अंगावरून फार रक्त जायचं. शरीर इतकं खंगलं होतं की डॉक्टरांनी भूल न देताच शस्त्रक्रिया केली. काही दिवस बरं वाटलं, मग रक्तस्राव पुन्हा सुरू झाला. गांधीजींनी पाण्याचे उपचार करून पाहिले, गुण आला नाही. अशक्त माणसानं मीठ आणि डाळ सोडावी असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी बांना सांगितलं, सोड. बा ऐकेनात. शेवटी त्यांनी नवऱ्यालाच विचारलं की तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्हाला तरी सोडवेल का? गांधीजींनी तिथल्या तिथे स्वतः वर्षभर मीठ आणि डाळ सोडल्याचं जाहीर केलं. बा घाबरल्या, माफी मागितली, मी सोडते पण तुम्ही नका सोडू म्हणाल्या. गांधीजी मागे हटले नाहीत. मग बांनीही सोडलं.

त्यानंतर रक्तस्राव थांबला आणि बा सुधारल्या. इथे दुसरं कोणी असतं तर मीठ-डाळ सोडा आणि आजार घालवा असा ढोल वाजवला असता. गांधीजींनी आत्मकथेत मात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की गुण मीठ-डाळ सोडल्यानं आला, की त्याबरोबर खाण्यात जे बाकीचे बदल झाले त्यानं, की मनाला आलेल्या उभारीनं, हे आपल्याला सांगता येत नाही.

मैत्रिणींनो, सगळं गुपित ह्या कबुलीत आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या की कोणती लागू पडली ते कळतच नाही. आपल्याकडेही तेच होतं. एकाच सोमवारी गहू सोडतो, दूध सोडतो, नवीन व्हिटॅमिन सुरू करतो आणि बीपीची गोळी बंद करतो. महिन्यानं चक्कर आली तर बोट कोणाकडे दाखवायचं?

दुसरी गोष्ट दहा वर्षांनंतरची. 1912 साली गांधीजींनी दूध सोडलं होतं. 1918 मध्ये त्यांना हगवण लागली, अंगात त्राण उरलं नाही. 1919 च्या सुरुवातीला मुंबईचे डॉ. दलाल ह्यांनी स्पष्ट सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, आणि त्याच्या जोडीला लोह आणि सोमलाची इंजेक्शनं घ्या. गांधीजी इंजेक्शनांना तयार झाले, पण दुधाला नाही म्हणाले, कारण व्रत होतं. म्हणजे औषध चालेल, अन्न चालणार नाही. तिढा कोणी सोडवला? कस्तुरबांनी. शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नाही ना, असं त्यांनी विचारलं. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस होती. त्या दिवसापासून शेळीचं दूध सुरू झालं. मनाला टोचणी राहिली हेही गांधीजींनी लिहिलं आहे. पण आपण लक्षात ठेवायचं ते एवढं की ताटातून एक पदार्थ काढला तर त्याची भरपाई कशानं करायची हे ठरवावं लागतं. गोळी किंवा इंजेक्शन जेवणाची जागा घेत नाही.

ह्याच काळात तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, डॉ. अल्बर्ट रो नावाचे डॉक्टर अन्नाच्या अ‍ॅलर्जीचा माग काढत होते. दूध, अंडी, गहू असे पदार्थ काही दिवस पूर्ण बंद करायचे, त्रास कमी झाला तर एकेक पदार्थ परत द्यायचा, आणि कोणत्यानं त्रास उलटतो ते लिहून ठेवायचं, अशी त्यांची रीत. 1931 साली त्यांचं अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर पुस्तक आलं. ह्या पद्धतीलाच डॉक्टर एलिमिनेशन डाएट म्हणतात. तिचं अर्धं काम सोडण्यात आहे आणि अर्धं परत खाऊन बघण्यात. आपण पहिलं अर्धं करतो आणि दुसरं विसरतो. मग दोन आठवड्यांसाठी सोडलेलं दूध दोन वर्षं परत येत नाही.

गव्हाचीही एक गोष्ट आहे. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके ह्यांना संशय होता की सिलिअ‍ॅक आजाराच्या मुलांना गहू बाधतो. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना. बाकी सगळे खंगत असताना ही मुलं सुधारली, आणि पाव परत आला तसा त्यांचा त्रासही परत आला. 1950 साली डिके ह्यांनी आपलं काम मांडलं. पण ह्या आजाराची रक्ततपासणी करायची तर गहू खाण्यात असावा लागतो. आधी गहू सोडला आणि मग तपासणी केली तर आजार असूनही दिसत नाही. म्हणून आधी तपासणी, मग सोडणं. सिलिअ‍ॅक निघालाच तर आपल्या ज्वारीच्या भाकरीत बाधणारं ते ग्लूटेन मुळातच नसतं.

आता गोळ्यांचं. जेवण बदललं की गोळीचं कामही बदलतं.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भाकर-पोळी एकदम कमी केली तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची खूण. चातुर्मासातल्या उपासालाही हेच लागू. डोस डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा.

मीठ कमी करणं बीपीला चांगलं. पण बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते वाढून हृदयाला धोका होतो. आणि नुसत्या सैंधवावर राहिलं तर आयोडीन मिळत नाही.

थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लिंबू चालेल. लोह आणि कॅल्शियमही एका वेळी नको. केसांच्या गोळीत बायोटिन असेल तर थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून रक्त देण्याआधी ते सांगायचं. रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिन चालू असेल तर पालक, मेथी, आंबाडी सोडायची नाही आणि एकदम वाढवायचीही नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.

दूध सोडलं तर कॅल्शियम आणि बी-12 कुठून येणार हे विचारायचं. काही गोळ्यांत दुधाची साखर, स्टार्च असं भरण असतं. अ‍ॅलर्जी खरोखर असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बदलता येते. आपल्या मनानं बंद करायची नाही.

आम्ही गटांना एक साधी रीत सुचवतो. बचतीची वही असते तशी एक ताटाची वही करा. डाव्या पानावर काय सोडलं आणि कोणत्या तारखेला. उजव्या पानावर चालू असलेली प्रत्येक गोळी, व्हिटॅमिन आणि काढासुद्धा. खाली रोजचा त्रास, दोन शब्दांत. एका वेळी एकच पदार्थ, दोन ते चार आठवडे, मग परत खाऊन बघणं. ही वही आशाताईला आणि डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करायची. गरोदर, अंगावर पाजणारी, लहान मूल, साखरेचा किंवा मूत्रपिंडाचा पेशंट ह्यांनी तर डॉक्टरांशिवाय काहीच सोडायचं नाही. एखाद्या पदार्थानं तोंड सुजलं असेल, श्वास लागला असेल, तर तो घरी परत खाऊन बघायचा नाही.

आणखी एक. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. ज्या ताटात आधीच कमी आहे त्यातून आणखी काढायचं तर कारण पक्कं पाहिजे. घरात दूध कमी पडलं की पहिला पेला कोणाचा जातो, वरण संपलं की कोण चटणी-भाकरीवर भागवते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला पथ्य म्हणत नाहीत.

कस्तुरबांना सगळे शांत, सोशिक म्हणून ओळखतात. पण आपल्या ताटातलं मीठ काढायला सांगितलं तेव्हा त्यांनी आधी प्रश्न विचारला. नवऱ्याचं शरीर खचलं तेव्हाही उत्तर त्यांच्याच प्रश्नातून निघालं. आपणही विचारू या. का सोडायचं? किती दिवस? त्याच्या बदल्यात काय खायचं? आणि माझ्या गोळीचं काय?