सात दिवसांची वासरं

चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी या जैन आचार्यांनी 'विविधतीर्थकल्प' नावाचा ग्रंथ रचला. देशभरच्या जैन तीर्थांच्या कथा त्यात आहेत, आणि त्यांतली एक आहे श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची. हे श्रीपूर म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं आजचं शिरपूर जैन.

कथा अशी. माली आणि सुमाली हे दोघे रावणाच्या कामगिरीवर विमानातून निघालेले असतात. जेवणाची वेळ होते. पूजेची फुलं सांभाळणाऱ्या बटूच्या लक्षात येतं की गडबडीत देवाची मूर्ती घरीच राहिली. पूजा झाल्याशिवाय मालक जेवायचे नाहीत. तो घाबरून वाळूची मूर्ती घडवतो. पूजा उरकते, आणि मूर्ती जवळच्या तळ्यात सोडली जाते. ती विरघळत नाही. काळ लोटतो, तळं आटत आटत डबक्याएवढं होतं. कुष्ठानं पिडलेला श्रीपाल राजा तहानेनं व्याकूळ होऊन तिथं येतो, हात-तोंड धुतो, आणि जिथं पाणी लागलं तिथली कातडी निर्मळ होते. पुढे त्याला मूर्ती मिळते, पण एका अटीवर: सात दिवसांची वासरं जुंपलेल्या गाडीतून ती न्यायची आणि मागे वळून पाहायचं नाही. राजाला राहवत नाही. तो वळून पाहतो, गाडी पुढे सरकते आणि मूर्ती जागच्या जागी अधांतरी राहते. वऱ्हाडात ही गोष्ट एलिचपूरच्या ईल राजाच्या नावानं सांगतात. तपशील थोडे बदलतात. पाणी, वासरं आणि वळून पाहणं मात्र टिकून आहे.

सात दिवसांचं वासरू जुंपता येत नाही, हे शिरपूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ते धड उभं राहायला शिकलेलं असतं, चार पावलं टाकून आईकडे पळतं. राजाला घोड्याच्या चालीची सवय. देव न्यायचा तर तान्ह्या जिवाच्या चालीनं जावं लागेल, ही त्याची परीक्षा होती आणि तीत तो नापास झाला. चुकणारा पोरगा, आटणारं तळं आणि डगमगती वासरं यांच्यावर उभ्या असलेल्या या कथेत राजाच सगळ्यात उतावळा आहे.

शिरपूरहून दीड-दोन वर्षांचं लेकरू घेऊन एका दिवसात पाहून यावं असं मोठं तळं म्हणजे लोणारचं. सकाळी निघावं, रिसोडवरून जावं आणि दिवेलागणीला परत यावं. डोंगरातलं सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर किंवा स्वित्झर्लंडची चित्रं येतात: हिमनद्यांनी खडक कोरून केलेल्या द्रोणांत साठलेलं निळं पाणी. महाराष्ट्रात तशी सरोवरं नाहीत. लोणारचा द्रोण उल्केनं एका आघातात कोरला. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, आणि तळाशी खारं, साबणासारखं बुळबुळीत पाणी.

आज आपण असं तळं 'पाहायला' जातो. हे पाहायला जाणं वाटतं तितकं जुनं नाही. आल्प्समधली सरोवरं तिथल्या गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण निव्वळ देखाव्यासाठी तिथं जाण्याची रीत रुळली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. थॉमस कुकनं स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली ती १८६३ साली. त्याच्या ४० वर्षं आधी, १८२३ मध्ये, अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी लोणारला पोचला आणि युरोपीय वाचकांना या तळ्याची ओळख झाली. नंतर आलेल्यांना प्रश्न पडला तो उगमाचा. भोवती सगळा काळा पाषाण, दख्खनचा लाव्हा. तेव्हा हा ज्वालामुखीचाच खड्डा असणार, असं बहुतेकांचं मत झालं. १८९६ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचं साम्य बरोबर टिपलं आणि निष्कर्ष मात्र ज्वालामुखीचाच काढला. उल्काघाताचा निर्णायक पुरावा १९७३ च्या शोधनिबंधात आला. विवराचं वय दीर्घकाळ ५० हजार वर्षांच्या आसपास मानलं जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनं ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं.

हा इतिहास काठावर उभ्या असलेल्या माणसांचा आहे. त्याच्या आधीचा इतिहास खाली उतरणाऱ्यांचा. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं. तळं एक कोस लांब-रुंद, भोवती उंच डोंगर, पाणी खारट. काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ इथं मिळतात आणि सोऱ्याचं उत्पन्न चांगलं आहे, असं तो नोंदवतो. पाणी आटलं की उतरून क्षार गोळा करणं हा इथला धंदाच होता. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्या क्षारांना प्रतवारीप्रमाणे वेगवेगळी नावं होती. एखाद्या वस्तूला इतकी नावं तिला रोज हात लावणारेच देतात.

अबुल फजल आणखी एक गोष्ट सांगतो. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात. बिहारातली गया ब्रह्माची, विजापूरजवळची रुद्राची आणि ही विष्णूची; तिन्ही ठिकाणी पितरांच्या उद्धारासाठी कर्म करतात. डोंगरमाथ्यावर बैलाचं तोंड कोरलेला झरा आहे, आणि त्याचं पाणी सोमवती अमावस्येलाच मोठ्या तळ्यात उतरतं, अशी समजूतही तो नोंदवून ठेवतो. आजही गावाच्या बाजूला धार वाहते. जवळच गावात दैत्यसूदनाचं कोरीव मंदिर आहे आणि खाली तळ्याच्या काठाला कमळजा देवी. लोणासुर जमिनीखालच्या विवरात लपला होता, विष्णूनं त्याला मारलं, ही दैत्यसूदनाची कथा. 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या लोणारच्या मुक्कामातल्या लीळा येतात. म्हणजे किमान सातशे-आठशे वर्षं लोक इथं काहीतरी करायला येत होते: स्नान, श्राद्ध, नवस, क्षाराची वेचणी. नुसतं बघून परतणारा माणूस त्यांना चमत्कारिक वाटला असता.

दोन वर्षांच्या मुलालाही तो चमत्कारिकच वाटतो. काठावरच्या कठड्याशी उभं राहून आई-बाप म्हणतात, 'बघ, केवढं मोठं पाणी!' मूल पायाजवळच्या मुंग्या बघतं. दूरवरचा देखावा हा पदार्थ त्याच्या जगात नाही. त्याला हात लावायचा असतो, दगड फेकायचा असतो, वानर दिसलं की त्याच्यामागे धावायचं असतं. सहल ठरवताना मोठ्यांनी देखाव्याचा हिशेब केलेला असतो आणि दिवस मात्र गोमुखाच्या धारेशी, पायऱ्यांशी आणि दहीभाताच्या डब्याशी जातो. उतरणीवर लेकरू कडेवरून खाली उतरतं, दहा पावलं चालतं, बसतं, पुन्हा कडेवर येतं. खाली न्यायचं असेल तर सकाळीच, उन्हाच्या आधी. कारण द्रोणात वारा अडतो आणि परतीचा चढ मूल घेऊन चढायचा असतो. पाण्याशी गेल्यावर कुजलेल्या शेवाळाचा उग्र वास येतो. पोरांना तो वास मोठ्यांपेक्षा लवकर कळतो आणि जास्त आवडतो.

अडचण इथंच सुरू होते. हे पाणी आता हात लावण्याचं राहिलेलं नाही. सन २००० मध्ये विवराचा परिसर अभयारण्य झाला, २०२० मध्ये रामसर यादीत गेला. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास. त्यात जगणारे सूक्ष्मजीव दुसरीकडे क्वचितच सापडतात. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. इतक्या नाजूक तोलावर जगणाऱ्या तळ्यात धारेवरच्या अंघोळींचा आणि धुण्याचा साबण ओघळत राहावा, यावर अभ्यासक फार पूर्वीपासून बोट ठेवत आले. अकबराच्या काळात साबणाचा माल या तळ्यातून बाहेर जात होता; आपल्या काळात साबण आत येऊ लागला. तेव्हा बंधनं हवीतच. पण त्या बंधनांमुळे तळ्याशी असलेलं करण्याचं नातं संपतं आणि बघण्याचं तेवढं उरतं, हेही खरं आहे. पापडी आणि भुसकी हे शब्द पुढच्या लेकरांच्या कानावर पडणार नाहीत.

शिरपूरला दुरून बघण्याचा अर्थ चांगला ठाऊक आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर श्वेतांबर-दिगंबर वादात १९८१ मध्ये कुलूपबंद झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्ये उघडलं. मधल्या काळात दर्शन होई ते दारातल्या झरोक्यातून. लेकराला उचलून झरोक्याशी धरायचं आणि 'दिसला का देव?' असं विचारायचं, यात एक अख्खी पिढी वाढली. कुलूप लागलं त्या वर्षी जन्मलेलं मूल कुलूप निघालं तेव्हा चाळिशी ओलांडून गेलं होतं. देव तिथंच होता, त्याची कथाही सगळ्यांना पाठ होती. पायाशी जाऊन बसण्याची सवय मात्र तुटली.

लोणारचं तळं झरोक्यातून बघण्याची वस्तू होऊ नये असं वाटत असेल तर मुलांना तिथं न्यावं, त्यांच्या चालीनं न्यावं. तळ्यात हात घालू देऊ नये, पण धारेचा आवाज ऐकू द्यावा, दैत्यसूदनाच्या भिंतीवरच्या मूर्तींची नाकं-बोटं मोजू द्यावीत, लोणासुराची गोष्ट सांगावी. खाली पोचता आलं नाही तर अर्ध्या वाटेवरून परतावं. राजाला एकदाच वळून पाहायची मनाई होती. लेकरू घेऊन निघालेल्याला दर दहा पावलांवर वळून पाहावं लागतं.

एवढं करूनही दोन वर्षांच्या मुलाला या सहलीतलं काही आठवणार नाही. मग कशाला न्यायचं, असं घरातलं कुणीतरी विचारतंच. विष्णुगयेला येणारे लोक पितरांच्या नावानं पाणी सोडत होते, आणि पितर ते पाहायला येत नव्हते. ज्याच्यासाठी जायचं त्याला ते आठवेल, अशी अट या तळ्यानं कधी घातली नाही. आठवण नेणाऱ्यांकडे राहते, आणि मूल मोठं झालं की तेच त्याला सांगतात: तू इथं आला होतास, या पायरीवर बसून रडला होतास, धारेचं पाणी तोंडावर उडालं तेव्हा हसला होतास.