‘कृष्णाकाठ’नंतरची पानं

बेळगावात यशवंतराव चव्हाणांचं नाव निघालं की जुनी जखम भळभळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि त्याच दिवशी यशवंतराव द्विभाषिक मुंबईचे मुख्यमंत्री झाले. सहा वर्षांनी नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावातच. तिथून कवायत करून निघालेल्या जवानांचा भार आता त्यांच्यावर होता.

या काळात त्यांचं मन ज्यांच्यापाशी मोकळं होई, ते त्यांचे खासगी सचिव राम प्रधान. १९६३ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी चालू होती. अहवालाचा ठपका थेट पंतप्रधानांवर आला तर काय, आणि आधीच खचलेल्या फौजेचं काय, ही यशवंतरावांची धास्ती प्रधानांनी पुढे ‘डिबॅकल टू रिव्हायव्हल’मध्ये नोंदवली. संसदेतल्या भाषणांत अशी धास्ती कधी उमटत नाही.

१ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेले. दुपारी चारच्या सुमारास लष्करप्रमुख जनरल चौधुरी विमानांची मदत मागायला आले. हवाई दलप्रमुख अर्जनसिंग तिथेच होते. हवाई दल उतरवलं की लढाईचं रूपच पालटणार होतं. पंतप्रधान शास्त्रींना विचारायला यशवंतराव थांबले नाहीत. काही मिनिटांत त्यांनी होकार दिला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत पठाणकोटहून व्हॅम्पायर विमानं उडाली. इतकं मोठं ओझं एका माणसाने इतक्या थोड्या वेळात उचललं, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

त्या युद्धातली यशवंतरावांची रोजनिशी प्रधानांनी २००७ मध्ये पुस्तकरूपाने आणली, तेव्हा युद्धाला बेचाळीस वर्षं झाली होती.

सीमाभागाच्या वाट्याला मात्र असा प्रधान आला नाही. ऑगस्ट १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरला आणि निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली, तेव्हा केंद्रात गृहमंत्री यशवंतरावच होते. त्या दिवसांत बंद दाराआड ते काय बोलले, हे त्यांच्याच लेखणीतून यायला हवं होतं. पण त्यांचं आत्मचरित्र ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबतं. ते १९८४ मध्ये आलं, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. पुढचे खंड लिहायचे राहिले.