घोडनदीचे खोरे : आद्य वसाहत आणि युरोपीय संपर्क (हवाई बेटांच्या संदर्भात एक तुलनात्मक विचार)

प्रास्ताविक

लेखनपरंपरा नसलेल्या समाजाचा इतिहास युरोपीयांच्या आगमनापासून सुरू झाला, अशी मांडणी वसाहतकालीन लेखनात वारंवार आढळते. स्थानिक लोकांनी गोऱ्या पाहुण्यास देव मानले, हे त्या मांडणीचे एक आवडते उपकथानक होय. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर कॅप्टन जेम्स कुक यास देवत्व लाभल्याची कथा या संदर्भात सर्वाधिक चर्चिली गेली. रांजणगावच्या पुढे, पुणे–अहिल्यानगर मार्गावर वसलेल्या शिरूर ऊर्फ घोडनदी येथेही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्यास नैवेद्य दाखविला जात असे. या दोन घटनांची तुलना करून, ‘देवत्व’ नेमके कोणाच्या कल्पनेतून निर्माण होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घोडनदीकाठची आद्य वसाहत

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या या कार्यामुळे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे जीवन प्रथमच विस्ताराने ज्ञात झाले. माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे या वसाहतीचे तीन कालखंड असून त्यांचा विस्तार सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० असा आहे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याचे कोठार, पाणी वळविण्यासाठी खोदलेला कालवा आणि त्यालगतचा बांध यांवरून येथे सामूहिक श्रमाचे नियोजन करणारी सत्ता होती, असे अनुमान करण्यात आले. पाच खोल्यांचे एक घर गावप्रमुखाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे.

मृतांविषयीची धारणा येथे विशेष लक्षणीय ठरते. मृतांना गावाबाहेर न नेता घरातच जमिनीखाली पुरीत. बालकांसाठी तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन कुंभ वापरले जात. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने दूर जाऊ नये, ही भावना त्यामागे असावी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. मृत व्यक्ती ही जिवंतांच्या परिसराचाच घटक होती, एवढे यातून निश्चित दिसते. तथापि, इनामगावची वसाहत उठल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली. सातवाहनांपासून मराठेशाहीपर्यंत अनेक स्थित्यंतरे घडली. त्यामुळे या श्रद्धा आणि एकोणिसाव्या शतकातील लोकाचार यांत अखंड परंपरा मानणे योग्य नव्हे.

हवाई : कुक आणि लोनो

पॉलिनेशियन दर्यावर्दी ताऱ्यांच्या व लाटांच्या आधारे दीर्घ प्रवास करून सुमारे इ.स. १००० ते १२०० या काळात हवाई बेटांवर स्थायिक झाले. त्यांनी पाट काढून अळूची शेती विकसित केली आणि सरदार, पुरोहित व सामान्य जन अशी समाजरचना उभारली. जानेवारी १७७८ मध्ये कुकची जहाजे तेथे प्रथम पोहोचली. वर्षभराने, १७ जानेवारी १७७९ रोजी, त्याने केआलाकेकुआ उपसागरात नांगर टाकला. तेव्हा समृद्धीचा देव लोनो याचा मकाहिकी उत्सव चालू होता. कुकचे विधिपूर्वक स्वागत झाले. मात्र डोलकाठी मोडल्याने तो परत आला, तेव्हा संबंध बिघडले. चोरीस गेलेल्या होडीसाठी राजा कालानिओपुऊ यास ओलीस धरण्याच्या प्रयत्नात १४ फेब्रुवारी १७७९ रोजी तो मारला गेला.

मार्शल सालिन्स यांच्या मते हवाई लोकांनी कुकला लोनोच्या मिथकात सामावून घेतले आणि त्याचा मृत्यूही त्याच चौकटीत घडला. श्रीलंकेचे गणनाथ ओबेयेसेकेरे यांनी १९९२ साली याचा प्रतिवाद केला. ‘देव बनलेला गोरा’ हे मिथक मुळात युरोपीयांचेच असून हवाई लोक व्यवहारबुद्धीने वागत होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सालिन्स यांनी १९९५ मध्ये त्यास सविस्तर उत्तर दिले.

शिरूर : छावणी आणि ‘सत्पुरुष’

हवाईप्रमाणे घोडनदीचे खोरे एकाकी नव्हते. मराठी राज्यकर्त्यांना युरोपीय ‘टोपीकर’ म्हणून चांगले परिचित होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त त्यांच्याविषयी स्पष्ट सावधगिरी सांगितली आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या राज्यात कंपनीची तैनाती फौज आली आणि शिरूर हे तिचे प्रमुख ठाणे बनले. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढलेला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये शिरूर येथे मरण पावला.

१८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमधील नोंदीनुसार लोक त्यास ‘सत्पुरुष’ म्हणत. ब्राह्मण व मारवाडी वगळता शिरूर व आसपासच्या खेड्यांतील हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करीत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य तेथे आणीत.

या नोंदीतील तीन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, कुकचा सन्मान तो जिवंत असताना झाला, तर वॉलेसला पूज्यता मिळाली ती मृत्यूनंतर. दुसरी, सत्पुरुष ही पदवी परकी नाही. समाधी, पीर, वीर, मुंजा, म्हसोबा अशा शिवारातील शक्तींच्या मालिकेतच ती बसते. तिसरी, पूजा करणारा वर्ग मुख्यतः शेतीशी बांधलेला होता. अर्पण होत होते ते पहिल्या पिकाचे. अर्थात ही पूजा राज्यकर्त्याच्या वंशश्रेष्ठत्वाची नसून आपल्या भूमीत पुरल्या गेलेल्या सामर्थ्यवान मृताशी केलेला तो समझोता होता. नोंद करणारा मात्र शासक होता आणि वाचणारा वर्गही तोच, हे विसरता येत नाही.

याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ रोजी कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाची लढाई झाली. तेथील जयस्तंभ कंपनीने आपल्या पराक्रमासाठी उभारला. परंतु त्यावरील महार सैनिकांच्या नावांनी त्यास वेगळा अर्थ दिला आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे दिलेल्या भेटीने तो दृढ झाला. स्मारक कोणी बांधले, यापेक्षा त्यापुढे कोण व का नतमस्तक होतो, हेच येथेही निर्णायक ठरले.

निष्कर्ष

हवाई व घोडनदी या दोन्ही ठिकाणी सिंचन, सत्ता व श्रद्धा यांची व्यवस्था युरोपीयांच्या आगमनापूर्वीच सिद्ध झालेली होती. आगंतुकास स्थान मिळाले ते त्या व्यवस्थेच्या अटींवर. कुकच्या बाबतीत साक्षी युरोपीय रोजनिश्यांची आहे, वॉलेसच्या बाबतीत सरकारी गॅझेटियरची. म्हणून अशा साधनांतून ‘देव मानले’ हे विधान जसेच्या तसे न स्वीकारता, कोणत्या समाजघटकाने, कोणत्या प्रसंगी, काय अर्पण केले, हे प्रश्न अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे. शिरूर तालुक्यातील महाविद्यालयांनी गावोगावच्या समाध्या, वीरगळ व थडगी यांच्याशी निगडित आचारांची पद्धतशीर नोंद केल्यास स्थानिक इतिहासाला शासकीय दप्तराबाहेरचा आधार मिळू शकेल.