घोड्यावर बांधलेला हेतमान

इंग्रजी काव्याच्या वर्गात इव्हान माझेपा भेटतो तो घोड्याच्या पाठीवर. एका सरदाराच्या पत्नीशी संबंध ठेवल्याबद्दल त्या तरुणाला उघड्या अंगाने रानटी घोड्याला जखडून सोडून दिले जाते आणि तो घोडा पोलंडमधून थेट युक्रेनच्या गवताळ मैदानांपर्यंत उधळत जातो. बायरनने 1819 मध्ये ही कथा सत्तरीच्या माझेपाच्या तोंडी घातली. पोल्तावाच्या पराभवानंतर रानात मुक्काम पडला असता तो ती स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याला ऐकवतो आणि शेवटी कळते की राजा तासाभरापूर्वीच झोपी गेला आहे. पुढे ह्यूगोने त्याच घोड्याला प्रतिभेचे प्रतीक केले आणि लिस्टने त्याला संगीतात दौडवले. माणूस मात्र तिथेच बांधलेला राहिला.

बायरनचा आधार म्हणजे व्हॉल्तेअरचे 1731 मधील चार्ल्सचरित्र. या कथेची आणखी जुनी नोंद पासेक नावाच्या पोलिश सरदाराच्या आठवणींत सापडते. त्या छापल्या गेल्या 1836 मध्ये, म्हणजे बायरनच्या मृत्यूनंतर. पासेकच्या लेखी तो घोडा माझेपाचा स्वतःचाच होता आणि त्याने धन्याला काट्याकुट्यांतून आपल्या घरीच नेले. याच पासेकविरुद्ध माझेपाने पूर्वी राजाकडे चुगली केली होती आणि दोघांची दरबारात हातघाईही झाली होती. तेव्हा या साक्षीदाराच्या मनात किल्मिष नव्हते, असे म्हणता येत नाही.

आता काव्यात न आलेला माझेपा पाहू. जन्म 1639 च्या सुमाराचा, कीव्हच्या मोहिला विद्यालयातले शिक्षण आणि पोलंडच्या राजदरबारात सेवा. पुढे तो नीपर नदीच्या उजव्या तीरावरील हेतमान दोरोशेंको याच्या पदरी राहिला. 1674 मध्ये झापोरोझियाच्या कोसॅकांच्या हाती सापडला आणि डाव्या तीरावरील हेतमान सामोयलोविच याच्याकडे पाठवला गेला. कैदी म्हणून आलेला हा मनुष्य तेथे विश्वासातला झाला आणि 1687 मध्ये सामोयलोविचला पदच्युत करण्यात आल्यावर त्याच्याच जागी हेतमान म्हणून निवडला गेला. मालक बदलण्याची कला त्याने म्हातारपणी शिकली नाही, एवढे तरी मान्य करावेच लागते.

त्यानंतरची एकवीस वर्षे तो पीटरचा एकनिष्ठ मांडलिक होता. अझोवच्या मोहिमांत तो होता. संत आंद्रेईच्या नावाचा सर्वोच्च रशियन बहुमान मिळवणाऱ्या पहिल्या काही जणांतही तो होता. या काळातला सर्वांत बोलका कागद म्हणजे 1701 चे त्याचे एक फर्मान. शेतकऱ्यांकडून आठवड्याला दोन दिवसांहून अधिक वेठ घेऊ नये, असे त्यात बजावले आहे. वरवर पाहता ही रयतेची कणव वाटते. पण स्वतंत्र म्हणवणाऱ्या कोसॅकांच्या देशात वेठ इतकी रुजली होती, हेही त्यातूनच कळते. आणि ती रुजवणाऱ्या सरदारवर्गाला गावे बहाल करणारा हात हेतमानाचाच होता. दुसरीकडे कीव्ह, चेर्निहिव्ह, पेरेयास्लाव येथे त्याच्या द्रव्याने चर्चे उभी राहिली. इतकेच नव्हे, तर 1708 मध्ये सीरियातील अलेप्पो शहरात अरबी ख्रिस्ती बांधवांसाठी छापलेल्या शुभवर्तमानाचा खर्चही त्याने उचलला. या चर्चांचे वैभव आणि ती वेठ यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

वासिल कोचुबेय हा त्याचा जुना स्नेही आणि न्यायखात्याचा प्रमुख. त्याची मुलगी मोत्र्या ही माझेपाची धर्मकन्या. 1704 मध्ये विधुर हेतमानाने तिला मागणी घातली. आईबापांनी नकार दिला, मुलगी घर सोडून त्याच्याकडे आली, त्याने तिला परत पाठवले आणि मागोमाग पत्रे लिहिली. कोचुबेयने 1708 मध्ये पीटरला कळवले की हेतमान फितूर होणार आहे. पीटरने विश्वास ठेवला नाही. तक्रारदाराला त्याने माझेपाच्याच स्वाधीन केले आणि जुलैमध्ये कोचुबेयचा शिरच्छेद झाला. तो खरे बोलला होता, हे सिद्ध व्हायला पुढे चार महिनेही लागले नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे असे स्थळ हेच आहे. मोत्र्याला लिहिलेली ती आर्जवी पत्रे आणि देशातल्या दुहीवर विलाप करणारी माझेपाची कविता, दोन्ही आपल्याला उपलब्ध आहेत ती कोचुबेयने आपल्या तक्रारीला पुरावा म्हणून जोडली होती म्हणून. म्हणजे ज्या कागदांत हा मनुष्य स्वतःच्या आवाजात बोलतो, ते त्याच्या फिर्यादीने निवडलेले आहेत. पुश्किनने 1829 च्या ‘पोल्तावा’मध्ये मोत्र्याची मारिया केली आणि माझेपाला निखळ खलपुरुष केले, फिर्यादीची बाजूच त्याने अजरामर केली. त्याच्या आधी, 1825 मध्ये, रिलेयेवने माझेपाच्या भाच्यावर काव्य लिहून त्या बंडाकडे सहानुभूतीने पाहिले होते. पुढच्याच वर्षी रिलेयेव स्वतः झारविरुद्धच्या उठावासाठी फासावर गेला.

1708 च्या ऑक्टोबरात माझेपा चार्ल्सला मिळाला, तेव्हा त्याच्याबरोबर काही हजार कोसॅकच होते. ज्या रयतेवर वेठ बसली होती ती मागे येईल, अशी आशा त्याने कशाच्या बळावर धरली असेल? नोव्हेंबरात मेन्शिकोवने राजधानी बातुरिन घेतली, रहिवाशांची कत्तल केली आणि शहर जाळले. चर्चने त्याच्यावर बहिष्काराचा शाप उच्चारला. त्यानेच बांधलेल्या चर्चांतून तो शाप पुढे वर्षानुवर्षे वाचला गेला. 1709 मध्ये पोल्तावाचा पराभव झाला आणि त्याच वर्षी तुर्की अमलाखालील बेंदेर येथे त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या मनातले बेत आपल्याला मुख्यतः कळतात ते त्याचा चिटणीस ओर्लिक याच्या पत्रातून. ते पत्र 1721 चे आहे, परागंदा अवस्थेत एका रशियन धर्माधिकाऱ्याला लिहिलेले आणि क्षमेची वाट शोधणारे. त्यात सारा दोष धन्याच्या माथी जातो. ओर्लिकला क्षमा मिळाली नाही; 1742 मध्ये तो परमुलखातच वारला.